जोडसायकल, मु. पो. पिंगळी

पिंगळी
दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

चि. राजेश्री,

आशीर्वाद मागून देईन, आधी भांडून घेते. देवगाव फाटा काय विलायतेत हाय का? सेलूपतोर रेल्वे, पुढं एसटी. पण तू बापाचीच लेक. 'अण्णांनी माझं नाव घेऊन बोलावलं तरच त्या घराचा उंबरा चढीन' म्हणून गेलीस. आन इकडं त्यांनी फर्मान काढलं, या घरात तिचं नाव घ्यायचं न्हाई, इथून तिला फोन जायचा न्हाई. त्यांनी दिनकररावाच्या पोरासाठी शब्द दिलेला, साखरपुड्याची साखर घरात आलेली, आन तू टायरच्या दुकानवाल्या परमेश्वरचा हात धरून गेलीस. त्यांचं बी खरं, तुझं बी खरं. मधी मी, जात्यातल्या दाण्यावानी.

आठ वर्सं गप बसले. काल सोनं वाटता वाटता ध्यानात आलं, ह्यांनी फोनला मनाई केली, पत्राला कुठं केली? मास्तर माणूस, शब्दाला पक्का. मंग मी बी त्यांच्या शब्दाला पक्की. पोस्टातून पाकिटं आणली. सातवी शिकलेली बाई हाय, बोलते तसंच लिवते. हासू नको.

मला काय पाहिजे ते आधीच सांगते. तू, जावई आन मी अजून तोंड न पाहिलेली नात साक्षी, तिघांनी आमच्या दारातून आत यावं. बस्स. देवापुढं दुसरं मागणं न्हाई.

आता बातमी. आमी सायकल घेतली. घेतली म्हंजे जोडून घेतली. दोन सीटं, दोन हॅण्डलं, चार पैडलं आन चाकं मात्र दोनच. ह्यांनी रेडिओवर ऐकलं म्हणं, कुठल्या तरी मुलखात म्हातारी नवरा-बायको असल्या एका सायकलवर बसून गावोगाव हिंडतेत. झालं, डोक्यात घेतलं. परभणीला एका वेल्डिंगवाल्याकडं खेटे घालून घालून त्याला बेजार केलं. टेम्पोत घालून आणली तवा सगळी गल्ली जमली. सरजाबाई पदराआडून म्हणाली, "साठी बुद्धी नाठी म्हणतेत ते हेच व्हय!" तिचे मालक माणिकराव म्हणाले, "मास्तर, म्हातारचळ लागला का काय?" हे म्हणाले, "लागला. पण आमाला जोडीनं लागला, तुमच्यावानी एकट्याला न्हाई." सरजाबाई अशी हासली की बस्स.

पुढं मी बसते, मागं हे. कामून ते विचारू नको.

मला चालवता कशी येते ते तुला ठाऊक हाय. तू आठवीत होतीस. हे शाळेत गेले की खळ्यावर मागून सीट धरून तू मला शिकवायचीस, आन मी बाभळीच्या काट्यात जाऊन पडले होते. कोपराचा वण अजून हाय. ते आपलं दोघींचंच ऱ्हायलं. आता हे गावभर सांगत सुटलेत, 'आमच्या हिनं चार दिवसांत सायकल शिकली!' मी खाली मान घालून कौतुक ऐकून घेते. काय करू?

अनेक आशीर्वाद.

तुझी आई


पिंगळी
तुळशीचं लगीन, सांजच्याला

चि. राजेश्री,

तुझं कार्ड आलं. पोस्टमन सिताराम लय शहाणा, माझ्याच हातात दिलं आन तोंडातून चकार शब्द काढला न्हाई. पण बाई, आठ वर्सांनी आईला कार्ड लिवलंस आन त्यावर दोनच सवाल? 'अण्णा मागं का बसतेत? पुढचं अंग कोणत्या सायकलचं?' खुशाली न्हाई, काही न्हाई. वकील का झाली न्हाईस?

दुसऱ्या सवालाचा जवाब आधी देते. पुढचं अंग तुझ्या सायकलचं हाय. तीच लाल लेडीज, शाळेची. मागचं ह्यांच्या काळ्या सायकलचं. मला वाटलं होतं तुझी सायकल ह्यांनी कवाच भंगारात घातली. न्हाई. गोठ्यात आढ्याला टांगलेली होती, गोणपाटात गुंडाळून. खाली काढली तर साखळीला तेल होतं, राजेश्री. ताजं तेल. आठ वर्सांत कुठं गंज न्हाई. मी तर कवा घातलं न्हाई. मी ह्यांच्या तोंडाकडं पाहिलं तर हे गोणपाटाची घडी घालायलेत, जसं काही लय मोठं काम.

पहिल्या सवालाचा जवाब असा की ह्यांचे पाय दुखतेत. वय झालं. बस्स.

आमी रोज उजाडता निघतो. रेल्वेचं फाटक ओलांडलं की कॅनॉलचा रस्ता लागतो. दोन्ही बाजूंनी ज्वारी गुडघ्याला लागलीय, हरभरा फुलावर हाय. अंगाला गार वारा लागतो आन साखळी तेवढी बोलती. पैडलं एकदा लयीत आली की आपण चालवायलोत का कुणी झोपंत नेतंय, ते समजत न्हाई. लहानपणी बैलगाडीत निजून माहेरी जायचं, डोळे उघडले की आजोळचं लिंबाचं झाड दिसायचं, तसं होतं बघ. माझे पाय फिरायलेत का ह्यांचे, काही पत्ता लागत न्हाई. एका साखळीत चारी पाय. पांढरे बगळे पाण्यावरून उडतेत, ते बी आवाज करीत न्हाईत. परवा तर मी जरासाक डोळेच मिटले. मागून म्हणाले, "निजलीस का?" पाठ माझी, तोंड पुढं, ह्यांना समजलं कसं? मी म्हणलं, "तुमी हाव की जागे."

बोलणं मात्र एवढंच. तुला सांगू का, तू गेल्यापासून ह्यांच्याजवळ मला मारायला हाकच उरली न्हाई. सगळ्या गल्लीत माणसं बायकोला लेकराच्या नावानं हाक मारतेत. मी बी 'राजेश्रीची आई'च होते की. तुझं नाव बंद झालं, त्यात माझं बी गेलं. आता नुसते खाकरतेत. एकदा खाकरले की चहा, दोनदा खाकरले की पाणी. सायकलवर बसले की सीटवर दोन थापा मारतेत, म्हंजे 'बसलो, चल'. थाप ऐकली की मी निघते. माणसाला आठ वर्सं कुणी हाकच मारू न्हाई, हे कसं लागतं ते तुला कळायचं न्हाई. कळू बी नये.

पोरीला स्वेटर घाल. थंडी पडायलीय.

तुझी आई


पिंगळी
खंडोबाची सट

चि. राजेश्री,

मागच्या पत्रात मी खोटं लिवलं. आज सटीचा रोडगा केला, भरीत केलं, नैवेद्य दाखवला, देवापुढं हात जोडले, आन उठून आधी पाकीट काढलं. ह्यांचे पाय दुखत न्हाईत. पाय अजून बैलावानी हायेत. नजर गेलीय.

काचबिंदू म्हणला डॉक्टर. बाजूचं काही दिसत न्हाई, समोरचं नळीतून पाहिल्यावानी तेवढं दिसतं. गेलेली नजर येत न्हाई, हाय ती टिकवायची, थेंब टाकायचे. दोन वर्सांखाली सायकलवरून बैलगाडीला धडकले तवा समजलं. त्या दिवसापासून सायकल भिंतीला लागली आन हे बी तिच्या बाजूला बसून ऱ्हायले. तीस वर्सं सायकलवर शाळेला गेलेला माणूस. मंग ही जोडसायकल डोक्यात आली. मला म्हणाले, "डोळे तुझे, पाय दोघांचे." ह्यांनी मला मागितलेलं हे पहिलं काही. नको कशी म्हणू?

दवाखान्यातली गंमत सांगते, तेवढंच हासशील. नर्सबाई म्हणाली, "पेशंटचं नाव काय?" मी आधारकार्ड पुढं केलं. म्हणाली, "आजी, तोंडानं सांगा, माझे हात गुंतलेत." आता तोंडानं कसं सांगू? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्याच्यावर कवा नवऱ्याचं नाव घेतलं न्हाई. आमच्या आईनं घेतलं न्हाई, सासूनं घेतलं न्हाई. मी म्हणलं, "आमच्या घरी दारावरच्या पाटीवर हाय." ती बिचारी मला बघतच ऱ्हायली. शेवटी ह्यांनीच आतून ओरडून सांगितलं.

आता ऐक. हे वाचून पळत येऊ नको. आंधळा व्हायला लागला म्हणून लेक दया करून आली, असं वाटलं तर हा माणूस त्या दिवशी मरंल. त्यांनी बोलवावं आन तू यावं, तेच खरं. पण माझ्या जिवाला घोर लागलाय. नळीएवढं दिसतं अजून. त्या नळीत तुझं तोंड मावंल, तुझ्या पोरीचं मावंल. पुढच्या सालचं कुणी सांगावं? मी रोज उजाडता त्यांना फिरवून आणते, सगळं दाखवते. हे बघा ज्वारी निसवली, हे बघा करडईला फूल आलं. ज्याला बघायचं ते मात्र फाट्यावर बसलंय, आन मी तोंडानं नाव घ्यायला मोकळी न्हाई. ह्यांचं बी न्हाई, तुझं बी न्हाई.

सरजाबाई काल आली होती. आधी इकडची तिकडची बात, मंग म्हणाली, "मास्तरीणबाई, आमाला एक चक्कर मारू द्या की." ती पुढं, माणिकराव मागं. माणिकराव पैडलच मारीनात, नुसते बसले नवरदेवावानी. सरजाबाईनं वेशीपतोर शिव्या घालीत नेलं आन येताना दोघंबी हासायले होते. आता रोज विचारायलेत, तुमचं फिरून झालं का म्हणून.

उलट पत्री काही विचारू नको.

तुझी आई


पिंगळी
संक्रांतीचा दुसरा दिवस

राजेश्री, माझे बाय,

अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

काल संक्रांत. मी भल्या पहाटं तिळाच्या पोळ्या लाटल्या, वड्या थापल्या. एका डब्यात थोड्या वड्या येगळ्या भरल्या. हे चुलीजवळ शेकत बसले होते. म्हणाले, "तो डबा कुणाचा?" मी म्हणलं, "सगळ्या जगाला गोड बोला म्हणायचं, आन पोटच्या पोरीच्या तोंडात तिळाचा दाणा न्हाई. देवगाव फाट्याला धाडायचाय." ह्यांनी काठी उचलली, बाहेर जाऊन सायकलजवळ उभे ऱ्हायले. माझं डोकं असं तापलं म्हणून सांगू!

तसंच निघालो. धुई अशी पडली होती की पुढचं चाक दिसंना. सगळं पांढरं. ज्वारी न्हाई, झाडं न्हाई, आपण जमिनीवर हाव का ढगात, ते बी कळंना. फाटक लागलेलं होतं. फाटकावर हे नेहमी उतरतेत, रूळ पायी ओलांडतेत, मंग बसतेत. गाडी धडधड करीत गेली, दिसली न्हाईच, नुसता आवाज. फाटक उघडलं, आमी चालत रूळ ओलांडले, मी सीटवर बसले आन रागाच्या भरात पैडल मारलं. थापंची वाट पाहिली न्हाई.

सायकल हलकी लागली. मला वाटलं, आज म्हातारा जोर लावायलाय, राग पैडलवर काढायलाय. मंग मी बी तोंड सोडलं. आठ वर्सांचं सगळं बोलले. म्हणलं, तुमचा शब्द मोठा का लेकरू मोठं? आढ्याला टांगलेल्या सायकलला तेल घालता, मंग पोरीनं काय घोडं मारलं? तिच्या नावात माझं बी नाव होतं, ते तुमी कोणाला विचारून बंद केलं? मला भिंतीला खाकरावं तसं खाकरता, मी काय म्हैस हाय का? रडत होते, बोलत होते, पैडल मारीत होते. हे मधी बोलेनात. मला वाटलं, ऐकायलेत. जल्मात पहिल्यांदा माझं ऐकायलेत. जीव हलका झाला बघ. धुईतून चाललेय, मागं हे हायेत, आन मी सगळं सांगून टाकलंय. इतकं सुख मला लय दिवसांत झालं नव्हतं.

पुलाजवळ थांबून मागं पाहिलं. सीट रिकामी. रिकामी पैडलं.

एवढ्या धुईत, ज्याला उजेडात बी दिसत न्हाई असा माणूस. सायकल वळवली. "अहो! अहो!" करीत निघाले. हरभऱ्यातून एक जण म्हणाला, "काय झालं, मावशी?" रस्त्यावरून एक बैलगाडीवाला म्हणाला, "मला हाक मारली का?" 'अहो'ला सगळ्या दुनियेतले अहो. हे कुठंच न्हाईत. फाटकवाला म्हणाला, "मास्तर तर तुमच्या मागंच निघाले होते पायी, साखळीचा आवाज धरून." साखळीचा आवाज पुढं गेला आन माणूस मागं ऱ्हायला. रस्ता जिथं फुटतो तिथं एक वाट सरळ कॅनॉलवर जाती. कॅनॉलला पाणी सोडलंय, काठोकाठ.

मी त्या वाटंच्या तोंडाशी सायकल टाकली. कुठलं सासर, कुठली आई, कुठली सासू. छातीत होता नव्हता तेवढा दम घेऊन ओरडले, "व्यंकटराव! ओ व्यंकटराव!"

पाण्याचा आवाज तेवढा यायला लागला.

आन मंग त्या पांढऱ्यातून आवाज आला. "राजेश्रीची आई! राजेश्रीची आई, मी इकडं हाय!"

मी तिथंच खाली बसले, बाय. ते आपले ओरडायलेत, "राजेश्रीची आई! आलीस का?" मी ओ देईना तर पुन्हा. "राजेश्रीची आई!" मी मुद्दाम गप बसले का मला बोलताच आलं न्हाई, ते माझं मलाच ठाऊक न्हाई. पण चार-पाच हाका मी ऐकून घेतल्या. आठ वर्सांचं देणं होतं ते.

बाभळीला धरून उभे होते, पायाखाली कॅनॉलचा काठ. हात धरला तर बर्फावानी गार. म्हणाले, "नाव घेतलंस माझं." मी म्हणलं, "तुमी बी घेतलं." धुई खाली बसायला लागली आन आधी ज्वारीची कणसं दिसली, मंग ताटं, मंग आमी दोघं.

मी जे सगळं बोलले ते ह्यांनी ऐकलंच न्हाई. पुन्हा बोलायची गरज मला वाटली न्हाई.

डबा अजून घरात हाय.

तुझी आई


पिंगळी
रथसप्तमी

चि. राजेश्री,

हे पत्र मी चोरून लिवत न्हाई. हे समोर बसलेत, उन्हात पाठ करून. काल म्हणाले, "लिव तिला." मी म्हणलं, "कशानं लिवू?" म्हणाले, "ज्यानं दसऱ्यापासून लिवायलीस त्यानंच." सितारामचं आन ह्यांचं कवापासून साटंलोटं हाय देव जाणे. वर म्हणतेत कसे, "आन चार दिवसांत सायकल कोण शिकतंय? राजेश्रीनं शिकवली तुला खळ्यावर. मी दोनदा शाळेतून लवकर आलो होतो, मला बघून तुमी पडाल म्हणून पाराजवळूनच माघारी गेलो." आता सांगतेत हे! गावभर कौतुक करीत होते तवा माझं तोंड कसं झालं असंल, ते बघायची ह्यांना हौस.

आता दिवसभर तेच चालू हाय. राजेश्रीची आई, चहा टाक. राजेश्रीची आई, काठी कुठं हाय? मी म्हणलं, जरा दम खावा, नाव झिजंल. म्हणाले, "झिजू दे."

परवा मला न सांगता परभणीला वेल्डिंगवाल्याकडं गेले, माणिकरावाला सोबत घेऊन. सायकल घेऊन आले तर तुझ्या लाल अंगाच्या आन ह्यांच्या काळ्या अंगाच्या मधी, दांडीवर एक बारकी सीट. कापूस भरून, रेक्झीन मारून. मी म्हणलं, "हे काय आणखी?" म्हणाले, "राजेश्रीची पोरगी काय कॅरेजवर बसंल व्हय? मधी बसंल. मागून मी धरीन, पुढं तू हायस." मंग जरा थांबून म्हणाले, "तिला लिव, अण्णांनी बोलावलंय. राजेश्री, घरी ये, असं लिव." मी तसंच लिवलंय. एक अक्षर माझ्या पदरचं न्हाई.

एक काम तेवढं कर. साक्षीचे पाय ठेवायला खालून लोखंडाच्या दोन फळ्या लावायच्यात, पण तिचे पाय किती लांब आलेत ते आमाला कुठं ठाऊक? तिला खुर्चीवर बसव, मांडीपासून टाचंपतोर सुतळी धर, आन तिथं गाठ मार. ती सुतळीच पाकिटात घालून धाड. आकडा लिवू नको. आकडा ह्यांना दिसत न्हाई, गाठ हाताला लागती.

राजेश्रीची आई